शेवटी आपली आळी

माझ्या वडिलांची रेघ माझ्या रेघेच्या वर होती, आणि ते मला अजिबात सहन होत नव्हतं.

नीट सांगते. अण्णा, म्हणजे रंगनाथ माळवदे, माणदेशातल्या आमच्या गावाचे निवृत्त व्हॉल्व्हमन. गेले साडेपाच महिने ते सांगलीच्या एका शुश्रूषागृहात खाटेवर होते. मेंदूच्या देठाशी रक्तस्राव झाला होता. वरचा मेंदू शाबूत, खालचं शरीर शाबूत, मधला रस्ता तेवढा खचलेला. हात हलत नव्हता, जीभ हलत नव्हती, दुसऱ्या महिन्यात पापणीही हलेनाशी झाली. श्वास यंत्र देत होतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. तिथल्या शहनाजमावशी रोज सकाळी खिडकी उघडत आणि मोठ्यानं सांगत, "अण्णा, आज अमुक वार, अमुक तारीख बरं का." मग रेडिओ लावत.

अशा माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे पूर्वी कुणाला कळायचं नाही. आता चित्तालेख आहे. कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर, उडदाच्या पापडाहून पातळ जाळी बसवतात. तिच्यावरचे बारीक बिंदू आजूबाजूच्या विजेचे चढउतार टिपतात. तोंड हलवू पाहणाऱ्या माणसाचे शब्द ओळखणारी यंत्रं केव्हाच आली आहेत. पण अण्णांसारख्या पूर्ण कुलूपबंद माणसात ती हलवू पाहण्याची धडपडच हळूहळू विझते, आणि यंत्राला वाचायला काही उरत नाही. उरतो तो मनाचा सर्वसाधारण तोल. हजारो धडधाकट लोकांना जाळीची टोपी घालून, 'आत्ता कसं वाटतंय' असं महिनोन्महिने विचारून, वीज कशी वागली की मन स्वस्थ असतं आणि कशी वागली की तळमळतं, याचा नकाशा शास्त्रज्ञांनी केला. त्यातून शून्य ते शंभर यांच्यामध्ये एक रेघ निघते. थर्मामीटर ताप सांगतो, कशानं आला ते सांगत नाही, तसंच हे.

अण्णांची रेघ बहात्तरच्या आसपास असायची.

मी सांगलीतच अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवते. आधी उपकरण तपासा आणि मग निष्कर्ष काढा, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसलेला आहे. मी अण्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. इनामदारांना म्हटलं, "मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय." त्या हसल्या नाहीत. त्यांनी टोपी आणून माझ्याच डोक्यावर घातली. अर्ध्या तासानं माझी रेघ निघाली. एकेचाळीस.

"यंत्र ठीक आहे, हर्षदाताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवलात का दुपारी?"

मला रागच आला. मी हिंडती-फिरती, बोलती बाई. हा माणूस नाकावरची माशी हाकलू शकत नाही, आणि माझ्यापेक्षा एकतीस अंशांनी सुखी. त्याहून वाईट म्हणजे रोज संध्याकाळी सहाला त्यांची रेघ थोडी खाली यायची. सव्वासातला परत वर. सहा ते सव्वासात ही माझी भेटीची वेळ होती.

आणि त्यात तो कागद. सात वर्षांपूर्वी आपल्या एका मित्राचे हाल पाहून अण्णांनी वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवलं होतं. बोलता येईना, हातपाय हलेनात आणि सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर यंत्रं काढावीत. निर्णयाची सही माझ्या नावावर. "विकीला जमायचं न्हाय," ते म्हणाले होते. विकी म्हणजे माझा धाकटा भाऊ विक्रांत. "तो रडत बसंल. तू घट्ट हायस. शब्द दे." मी दिला होता. सहा महिने बुधवारी, चौदा तारखेला पुरे होत होते. त्या दिवशी दुपारी यंत्रं काढायला मंजुरी देणारी डॉक्टरांची समिती बसणार होती.

"पण त्यांची रेघ बहात्तर आहे," मी डॉक्टरांना म्हटलं. आता मीच यंत्राची बाजू घ्यायला लागले होते.

"मन शांत असणं म्हणजे जगायचं असणं नव्हे," त्या म्हणाल्या. "ती सुन्नताही असू शकते. मत बदललंय, असं त्यांनी स्वतः कळवलं, आणि ते आम्हाला पडताळता आलं, तरच कागद थांबतो. नाहीतर कागद हाच त्यांचा शब्द."

विक्रांत पुण्याहून फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, तू ठरवशील ते." मी घट्ट ना.

मी पाच महिन्यांच्या रेघा घरी घेऊन आले. पेपर तपासायची सवय असलेल्या माणसाला कागदांचा ढीग बरा वाटतो. स्वयंपाकघराच्या टेबलावर एकेका दिवसाची रेघ एकाखाली एक मांडली. रेघ सपाट नव्हतीच. रोज सकाळी तिला तीन उंचवटे होते, आणि ते उगाच कुठेही नव्हते. आजचे तीन उद्याच्या तिन्हींशी जुळत नव्हते, परवाच्याही नाही. तेरवाच्याशी मात्र मिनिटामिनिटानं जुळत होते. दर तीन दिवसांनी तेच चित्र. महिन्यातून एकदा मात्र हे चक्र एक दिवस अडखळायचं. त्या दिवशी उंचवटे गायब, आणि नोंदीत शुश्रूषागृहाचा शेरा, 'तार सैल?' मी तो दिवस सोडून दिला. विज्ञान शिकवणारी बाई, आणि नको ती नोंद सोडून दिली. त्याबद्दल पुढे बोलूच.

औषधं तीन दिवसांनी नव्हती. अंघोळ तीन दिवसांनी नव्हती. पहिला उंचवटा सहा दहाला सुरू होऊन बरोबर पन्नास मिनिटं टिकायचा. मग वीस मिनिटं उतार, मग चाळीस मिनिटांचा दुसरा. मी मोठ्यानं वाचलं, "सहा दहा, पन्नास मिनिटं," आणि माझ्याच तोंडून पुढे आलं, "कोष्टी गल्ली."

मी उठून गावच्या घरून आणलेल्या मसाल्याच्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला आता हयात नसलेल्या आईनं खळीनं चिकटवलेला, तेलानं पिवळा पडलेला कागद अजून होता. पाणी सोडण्याचे वेळापत्रक. पहिला दिवस कोष्टी गल्ली, वरची पेठ, शिक्षक कॉलनी. दुसरा दिवस तेली गल्ली, बाजारपेठ, टेक. तिसरा दिवस स्टँडमागची वस्ती, खालची पेठ आणि सगळ्यात शेवटी कुंभार आळी. आमची आळी.

आता गावाला चोवीस तास पाणी आहे. व्हॉल्व्ह आपोआप उघडतात, कुणाच्या घरी किती गेलं ते फोनवर दिसतं, आणि पाणी सोडणारा माणूस म्हणजे काय, हे माझ्या वर्गातल्या पोरांना समजावून सांगावं लागतं. अण्णा खांद्यावर लोखंडी चावी टाकून सायकलवरून निघायचे. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी बसवायची, बावीस आटे फिरवायचे. मग झाकणावर बसून वाट बघायची. आधी नळातून हवा फुसफुसते, मग गल्लीत पहिल्या घरातली बाई ओरडते, "आलं, आलं!" आणि घागरी-कळश्यांचा गलका सुरू होतो. तो ऐकला की अण्णा चावीवर हात ठेवून तो कपाळाला लावायचे आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे निघायचे. व्हॉल्व्हमनचे आभार कुणी मानत नाही. पाणी आलं नाही तर शिव्या मात्र पहिल्या त्यालाच. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. "शिव्या देत्यात म्हंजे वाट बघत्यात, हर्षे," अण्णा म्हणायचे. "एवढी मानसं रोज माझी वाट बघत्यात. मला काय कमी हाय?"

तर हे चाललं होतं. खाटेवर पडल्या पडल्या माझा बाप रोज सकाळी गावाला पाणी सोडत होता.

सगळ्यात उंच उंचवटा तिसऱ्या दिवशीचा शेवटचा होता. पंचवीस मिनिटांचा, शेवटाला एक टोकदार काटा. त्या वेळी आई दारातून ओरडायची, "आलं हो!"

याखेरीज एक छोटा उंचवटा वेळापत्रकात बसेना. रोज सव्वाअकरा. मी दुसऱ्या दिवशी त्या वेळेला मुद्दाम गेले. शहनाजमावशी पितळी वाटीत कोमट पाणी घेऊन अण्णांचा एकेक तळवा धूत होत्या.

"मावशी, तुम्ही त्यांच्या फेरीत आहात," मी म्हटलं आणि रेघ दाखवली.

त्यांनी वाटी खाली ठेवून पडद्याकडे बघितलं. "मला वाटायचं, यास्नी कळतबी नसंल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दुसरा हात जरा जास्त वेळ धुतला.

डॉ. इनामदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "जुनी सवय मेंदू झोपेतसुद्धा गिरवतो," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलणं ऐकून ते यात काही बदल करू शकतात का, ते दाखवा."

रविवारी संध्याकाळी मी अण्णांच्या कानाशी बसले. "अण्णा, तेली गल्लीची लाईन फुटलीय. उद्या तिथं सोडू नका. थेट बाजारपेठ घ्या." सांगताना मला खुळ्यासारखं वाटत होतं. बाहेर व्हरांड्यात एक नर्स तोंडावर हात ठेवून हसत होती.

सोमवारी दुसऱ्या दिवसाची पाळी होती. सकाळी सहा दहाला तेली गल्लीचा उंचवटा आला नाही. त्याऐवजी सहा दहालाच बाजारपेठेचा आला, लांबीनं तंतोतंत. आणि सगळं संपल्यावर, टेक झाल्यानंतर, एक नवाच उंचवटा दिसला, पाऊण तासाचा. तेली गल्लीचा. मी हसत सुटले. "दुरुस्त करून सोडलं त्यांनी," मी डॉक्टरांना म्हटलं. "तेली गल्लीला कोरडं कसं ठेवतील?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. "विचारा त्यांना," त्या म्हणाल्या. "जे विचारायचंय ते."

त्याच संध्याकाळी मी विचारलं. किती सोपं करता येईल तेवढं केलं. "अण्णा, तुमचा कागद माझ्याकडे आहे. मी शब्द दिलाय आणि तो मी पाळीन. पण तुमचं मन बदललं असलं तर मला सांगा. राहायचं असेल तर उद्या नेहमीसारखं पाणी सोडा. जायचं असेल तर उद्या सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवा. एकही उघडू नका." माझा आवाज घट्ट होता. सहा ते सव्वासात रेघ नेहमीसारखी खालीच होती.

मंगळवारी पहाटेच जाऊन बसले. शहनाजमावशींनी खिडकी उघडली, वार-तारीख सांगितली, रेडिओ लावला. सहा दहा झाले. रेघ हलली नाही. साडेसहा. सात. मी पडद्याच्या काचेवर बोट ठेवून बसले होते, जणू बोटानं ती उचलता येणार होती. आठ वाजले, नऊ वाजले. एकही उंचवटा नाही. स्टँडमागची वस्ती कोरडी, खालची पेठ कोरडी, कुंभार आळी कोरडी.

मावशींनी रेडिओ बंद केला. मी विक्रांतला फोन केला. "बंद ठेवलं त्यांनी," म्हटलं. तो रडला. मी रडले नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला होता. विचारलंच नसतं, तर निदान ते बाजारपेठेत पाणी सोडत राहिले असते. आपण एक खिडकी उघडली आणि त्यांनी त्यातून नकार दिला. आणि मनाच्या तळाशी एक फार लाजिरवाणी गोष्टही होती. मला वाटलं होतं, ते माझ्यासाठी राहतील.

दुपारी डॉक्टरांनी यंत्रं काढायच्या संमतीचा फॉर्म समोर ठेवला. त्यांचेही डोळे लाल होते. मी नाव लिहिलं, नातं लिहिलं, सही केली. सहीखाली दोन रकाने होते, दिनांक आणि वार. मी तेरा लिहिलं. मग मंगळवार लिहायला गेले आणि 'मंग'वर माझा हात थांबला.

महिन्याचा दुसरा मंगळवार.

दुसऱ्या मंगळवारी टाकी धुतात. धुणारी माणसं तालुक्याहून यायची, गावात कुठेच पाणी सुटायचं नाही, आणि ज्यांची पाळी असेल त्यांना ते दुसऱ्या दिवशी मिळायचं. अण्णांची महिन्यातली ती एकच सुट्टी. त्या दिवशी ते घरी असायचे. माझी वेणी घालायचे, फार वाईट घालायचे, आणि विकीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचे. अख्ख्या लहानपणातला माझा सगळ्यात आवडता वार, आणि व्हॉल्व्हमनची मुलगी म्हणवून घेणारी मी, तोच विसरले होते.

"मागचे काढा," मी डॉक्टरांना म्हटलं. "सगळे दुसरे मंगळवार."

त्यांनी पडद्यावर मागचे पाचही काढले. पाचही सपाट. पाचांवरही तोच शेरा, 'तार सैल?' आणि मग आम्हा दोघींना एकदमच दिसलं. आम्ही दोघी इतके दिवस फक्त उंचवटे मोजत होतो. सपाट होती रेघ, पण उंचावर होती. दिवसभर अठ्ठ्याऐंशी. आजसुद्धा. त्या क्षणीसुद्धा.

मला हसू फुटलं आणि ते थांबेना. पोरीनं जिवाचा प्रश्न विचारला, तरी हा माणूस टाकी धुण्याच्या दिवशी पाणी सोडायला तयार नाही. सुट्टी घेऊन घरी बसला आहे, पोरीची वेणी घालत.

हसून झाल्यावर डॉक्टरांनी फॉर्म बाजूला सरकवला, फाडला नाही. "उद्या दुपारी समिती आहे," त्या म्हणाल्या. "एकच सकाळ उरलीय. आणि या वेळी नेहमीसारखं सोडा, असं सांगू नका. सवय काय नि उत्तर काय, ते कळणार नाही. ते एरवी कधीच करत नाहीत, असं काहीतरी मागा."

असं एकच होतं. नववीत असताना मी अण्णांशी आठ दिवस अबोला धरला होता, कारण गावभर पाणी फिरून सगळ्यात शेवटी आमच्या घरी यायचं, तेही करंगळीएवढं. "एकदा तरी आपली आळी आधी सोडा ना," मी म्हणायचे. "सोडणाऱ्याच्याच घरी आधी?" अण्णा म्हणायचे. "तोंड कुठं दाखवू मग?" चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ते एकदाही केलं नाही. आई ओली बाळंतीण असतानाही नाही.

संध्याकाळी सहाला मी त्यांच्याजवळ बसले. त्या दिवशी मी घट्ट वगैरे राहिले नाही. "अण्णा," म्हटलं, "मी आले की तुमची रेघ खाली येते, ते मला ठाऊक आहे. माझी काळजी करता. तुम्ही इथं अडकलात म्हणून मी आत येतानाच तोंड पाडून येते, आणि तुम्ही बसलेले असता गावभर पाणी वाटत. मी उगाच तुमच्यासाठी रडत होते. मला आता कळतंय तुमच्याकडे काय आहे ते. मला वाटायचं, माझी वाट बघणारं कुणी उरलं नाही. म्हणून सहा वाजले की मी इथं येऊन रडायचे. इथं कोण होतं ते बघितलंच नाही." मग मी प्रश्न सांगितला. जायचं असेल तर उद्या नेहमीची फेरी करा. राहायचं असेल तर एकदा, एकदाच, आपली आळी आधी सोडा. दोनदा सांगितलं. त्यांचा तळवा माझ्या हातात होता, कोमट आणि जड.

बुधवारी सकाळी सहाला डॉक्टरही येऊन उभ्या राहिल्या. आदल्या दिवशीची राहिलेली पाळी आज, म्हणजे तिसरा दिवस. नेहमीप्रमाणे स्टँडमागची वस्ती पहिली. तिचा उंचवटा बुटका आणि लांबलचक, तासभराचा. शहनाजमावशी म्हणाल्या, "अण्णा, आज बुधवार, चौदा तारीख बरं का," आणि आज लवकरच पाणी तापवायला गेल्या.

सहा दहाला रेघ हलली नाही. सहा बाराला नाही. सहा पंधराला ती किंचित खाली गेली. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला दिसत होतं काय चाललंय ते. हातात चावी घेऊन एक म्हातारा चौकात उभा होता. डावीकडे स्टँड, उजवीकडे कुंभार आळी, आणि त्याला गावाची लाज वाटत होती.

सहा सतराला रेघ वर निघाली. बुटकी नव्हती. चढतच राहिली, सत्तर, ऐंशी, नव्वद. डॉक्टर हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पंचवीस मिनिटं झाली आणि रेघ उतरेना. वर जाऊन नुसती थांबून राहिली. शेवटचा तो काटा काही येईना.

"हे काय?" डॉक्टर हळूच म्हणाल्या.

मला माहीत होतं काय ते. अण्णा झाकणावर बसले होते आणि कान देऊन ऐकत होते. आजवर आईचा आवाज ते मनातल्या मनात आणत आले असतील. आज त्यांना खरा हवा होता. मी उठले, दाराशी गेले, चौकटीला हात लावून उभी राहिले आणि आई ओरडायची तशी, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडले, "आलं हो अण्णा, आलं!"

रेघ काट्यासारखी सरळ वर गेली आणि मग सावकाश उतरली. दोन मिनिटांनी स्टँडमागच्या वस्तीचा उंचवटा सुरू झाला, बुटका आणि लांबलचक. पुढच्या कामाला निघाले होते ते.

शहनाजमावशी पितळी वाटी घेऊन धावत आत आल्या. "काय झालं? काय आलं?"

"पाणी," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.